भिंतीवरचे चित्र माणसांनी उभे करताना

रस्त्याकडेच्या भिंतीवरचे एखादे गाजलेले चित्र निवडायचे, त्यातल्या आकृत्यांच्या जागी खरी माणसे उभी करायची, वेश, ठेवण आणि हातवारे जसेच्या तसे घ्यायचे आणि फोटो काढायचा, हा प्रकार आता सांगलीतल्या माझ्या ओळखीच्या तरुण छायाचित्रकारांमध्येही रुळू लागला आहे. हे फोटो फेसबुकवर आले की खाली ‘हुबेहूब!’ अशा प्रतिक्रियांची रांग लागते. माझ्या मते गाडी नेमकी तिथेच चुकते. हुबेहूबपणा हेच यश मानले, तर इतकी माणसे जमवून आणि दिवसभर राबून आपण फक्त एक महागडी झेरॉक्स काढलेली असते.

या प्रकाराला अलीकडच्या काळात प्रसिद्धी मिळवून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये काम करणारे ब्रिटिश वृत्तछायाचित्रकार निक स्टर्न. २०११ च्या सुमारास त्यांनी बँक्सी या अज्ञातनामा कलावंताची स्टेन्सिल चित्रे (म्हणजे कापलेल्या साच्यावरून रंग मारून भिंतीवर उमटवलेली) जिवंत माणसांकडून उभी करून घेतली. त्यांत तो प्रसिद्ध फुले फेकणारा तरुणही होता. त्याचे मूळ चित्र बेथलेहेमजवळच्या बैत सहूर गावात २००३ साली भिंतीवर उमटले. तोंडावर फडके, टोपी उलटी, एक हात समोर रोखलेला आणि दुसरा मागे ताणलेला. त्या मागच्या हातात दगड किंवा बाटली असेल असे वाटते, पण असतो फुलांचा गुच्छ.

स्टेन्सिलमधला हा तरुण वीस वर्षे हात ताणून उभा राहू शकतो, कारण त्याला खांदा नाही. खरा माणूस त्या ठेवणीत थोडा वेळ उभा राहिला की कोपर खाली येऊ लागते, मागच्या पायावरचा भार सरकतो आणि चेहऱ्यावर राग न दिसता ‘झाले का?’ असा प्रश्न दिसू लागतो. त्याला गोठवून ठेवलात तर कपड्याच्या दुकानातला पुतळा मिळतो. त्याला खरोखर गुच्छ फेकू दिलात तर पाकळ्या विस्कटतात, फडके सरकते, चौकट चित्राशी जुळत नाही, पण हाती जे लागते तो फोटो असतो. शरीर जिथे चित्राला नकार देते, तो क्षण टिपण्यासाठीच हा सगळा खटाटोप करायचा, एवढेच माझे म्हणणे आहे.

कृष्णेच्या घाटावर अशाच एका शूटला मी हजर होतो. चित्र होते बँक्सीचेच, २००२ साली लंडनमध्ये वॉटर्लू पुलापाशी रंगवलेले, लाल हृदयाच्या फुग्याकडे हात केलेल्या मुलीचे. त्या चित्रात मुलीने फुगा सोडला की तो तिच्या हातून निसटला, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि चित्राची सगळी जादू त्या न कळण्यातच आहे. आमच्याकडची पोरगी पहिलीतली. ‘बाळा, फुगा सोड,’ म्हटले की ती दोरा आणखी घट्ट आवळून धरी. चॉकलेटचे आमिष झाले, आईचे डोळे वटारून झाले, तरी मूठ उघडेना. दोरा बोटांत रुतून त्याचा वळ उठला होता. छायाचित्रकार वैतागून गेला आणि शेवटी त्याने मोकळ्या हाताचा फोटो घेऊन फुगा संगणकावर जोडला. त्या फोटोला भरपूर लाइक मिळाले. मला मात्र त्या आवळलेल्या मुठीचा फोटो हवा होता, कारण लंडनच्या भिंतीवरचे चित्र जे सांगू शकत नाही, ते ती मूठ सांगत होती.

तांत्रिक बाजूचेही तसेच आहे. स्टेन्सिल सपाट असते, म्हणून दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने खोली दाबून टाकायची, सावल्या पुसायच्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून फोटो घेतला की पुढचा हात भोपळ्याएवढा होतो हे खरे, त्यामुळे थोडे मागे सरकावे; पण सावली कशाला पुसायची? सावली पडते म्हणूनच तिथे माणूस उभा आहे हे कळते. बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या स्त्रिया स्वतः साकारल्या, तेव्हा रंगवलेला पडदा आणि नाटकी मांडणी लपवण्याचा आटापिटा त्यांनी केला नाही. बघणाऱ्याला सोंग दिसते आणि सोंगामागची बाईही दिसते.

हे कौशल्य आपल्याला बाहेरून आणायची गरजही नाही. गणपतीत आपल्या जिल्ह्यातली मंडळे वर्षानुवर्षे सजीव देखावे करत आली आहेत. ध्वनिमुद्रित संवादावर ओठ हलवणारी, ‘आग्र्याहून सुटके’त पेटाऱ्यापाशी श्वास रोखून उभी राहणारी, एकाच रात्रीत तोच प्रयोग पुन्हापुन्हा करणारी ही पोरे कुठल्याही मॉडेलपेक्षा तयार आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ जिथे उभे केले, त्या सांगलीला सोंग कसे घ्यायचे हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

मग बँक्सीच कशाला? आपल्याकडच्या शाळांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या, कार्यालयांच्या कुंपणभिंतींवर कितीतरी चित्रे आहेत. एक अडचण मात्र आहे, आणि ती आपणच केलेली आहे. अशा एका भिंतीवरून केलेला फोटो मध्यंतरी खूप फिरला. त्यात मेकअप करणारीचे नाव होते, दागिने भाड्याने देणाऱ्याचे होते, भिंत रंगवणाऱ्याचे नव्हते. त्याचे नाव भिंतीच्या कोपऱ्यात होते, फोटोच्या चौकटीने ते कापले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने द्विमित चित्र त्रिमितीत आणण्याचा हक्क कलाकृतीच्या हक्कांत धरला आहे आणि कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क चित्रकाराला वेगळा दिला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या रंगाऱ्याला शूटला बोलावण्यात आपलाच फायदा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावा म्हणून त्याने हात मुद्दाम लांब काढलेला असतो, मान जास्त वळवलेली असते, आणि खऱ्या माणसाला ते कुठे जमणार नाही हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि फोटोखाली त्याचे नाव छायाचित्रकाराच्या नावाआधी लिहावे.