भोक न पाडता ग्रहाच्या पोटातलं कसं कळतं

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: माणसाला स्वतःच्या पृथ्वीत १२ किलोमीटरपेक्षा खोल भोक पाडता आलेलं नाही, मग बुधाचा आणि मंगळाचा गाभा केवढा हे सांगणारे नुसते अंदाज ठोकतात. अवकाशयानं वजनरहित अवस्थेत फिरतात, ती गुरुत्वाकर्षण काय मोजणार? आणि आकडे तर सारखे बदलतात. शाळेतली मुलंसुद्धा हे पुढे पाठवत आहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

१२ किलोमीटरची गोष्ट खरी आहे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं भोक १२,२६२ मीटरवर थांबलं आणि पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. पण गाभ्याचा शोध भोक पाडून लागलेलाच नाही. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने शिशाच्या गोळ्यांमधली ओढ मोजून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाचपट असल्याचं दाखवलं. पृष्ठभागावरचे खडक मात्र अडीच ते तीनपट. म्हणजे आत काहीतरी फार जड असणार. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीखर्टने त्यावरून लोखंडी गाभा मांडला आणि १९०६ मध्ये भूकंपलहरींनी गाभ्याचा पुरावा दिला.

आता वजनरहित यान. यानात वजनकाटा ठेवला तर तो शून्य दाखवेल, हे मान्य. पण इथे काट्याचं काम खुद्द यानच करतं. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे त्याचा वेग बदलतो. पृथ्वीवर पोचणाऱ्या त्याच्या रेडिओ लहरींची वारंवारता त्याबरोबर किंचित सरकते आणि वेगातला सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरकसुद्धा त्यातून पकडता येतो. चंद्राभोवती २०१२ मध्ये ‘ग्रेल’ मोहिमेची दोन यानं एकामागोमाग फिरली. पुढचं यान डोंगराजवळ येताना आधी ओढलं जाई आणि दोघांतलं अंतर वाढे. मग मागचं ओढलं जाई आणि अंतर पुन्हा कमी होई. हा फरक केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असला तरी टिपला जात होता. चंद्राच्या कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर हे त्यातूनच निघालं.

‘बाहेरची ओढ मोजून आतलं कसं कळेल?’ हा त्या मजकुरातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो झटकून टाकू नये. वरच्या थरातला हलका खडक आणि खोलवरचा जड खडक बाहेरून सारखीच ओढ दाखवू शकतात. एकट्या गुरुत्व-नकाशावरून गाभा ठरवता येतच नाही, आणि तसं कोणी ठरवतही नाही. त्याला ग्रहाच्या फिरण्याची जोड द्यावी लागते. वस्तुमान मध्यभागी किती एकवटलंय हे जडत्व आघूर्णाच्या (म्हणजे वस्तूचं फिरणं बदलणं किती अवघड, याच्या मापाच्या) गुणांकातून कळतं. आतून-बाहेरून एकसारख्या गोळ्यासाठी तो ०.४ असतो; वस्तुमान मध्याकडे जितकं जास्त एकवटलेलं, तितका तो कमी. चंद्राचा ०.३९३, म्हणजे गाभा अगदी लहान, मंगळाचा ०.३६४, पृथ्वीचा ०.३३. बुधासाठी ‘मेसेंजर’ यानाने २०११ ते २०१५ या काळात गुरुत्व मोजलं, आणि बुधाच्या आसाचा कल व फिरण्यातलं डोलणं पृथ्वीवरून रडारने मोजलं गेलं. दोन्ही जुळवल्यावर २,४४० किलोमीटर त्रिज्येच्या बुधात गाभाच सुमारे २,००० किलोमीटर त्रिज्येचा निघतो. वर खडक उरतो तो जेमतेम ४०० किलोमीटर!

राहिला बदलत्या आकड्यांचा आक्षेप. मंगळाचंच उदाहरण घ्या. सूर्याच्या ओढीने मंगळ किंचित ताणला जातो आणि त्यामुळे त्याचं गुरुत्वही अगदी थोडं बदलतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाच्या कक्षेत हा बदल दिसला. गाभा पूर्ण घन असता तर ग्रह इतका ताणला गेला नसता. म्हणून २००३ मध्येच निष्कर्ष निघाला, की मंगळाच्या गाभ्याचा निदान बाहेरचा भाग तरी द्रव आहे आणि त्याची त्रिज्या १,५२० ते १,८४० किलोमीटरच्या दरम्यान आहे. तोवर मंगळावरच्या एकाही भूकंपाची खात्रीशीर नोंद झालेली नव्हती. २०१८ मध्ये ‘इनसाइट’ यान तिथे भूकंपमापक घेऊन उतरलं. त्याच्या नोंदींवरून २०२१ मध्ये त्रिज्या सुमारे १,८३० आली. पुढे गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर असल्याचं लक्षात आलं आणि २०२३ मध्ये ती १,६५० ते १,६७५ वर आली. गाभा द्रव आहे हे मात्र दोन्ही वेळा कायम राहिलं, आणि दोन्ही आकडे २००३ मध्ये सांगितलेल्या मर्यादेतच बसतात.