म्हातारपण कुठे काढणार ते आत्ताच सांगा

तोक्योत गणित शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं पगारपत्रक कळत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. साफ खोटं! आकडे मला कळतात. बेरीजही जुळते. अडचण एवढीच की त्या पत्रकातला कपातीचा सगळ्यात मोठा आकडा जो प्रश्न विचारतो तो गणिताचा नाहीच. म्हातारपण कुठे काढणार, असं तो विचारतो. दर महिन्याला विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता पैसे कापून मोकळा होतो.

बाकीच्या चौकटींशी माझं भांडण नाही. आरोग्यविमा समजतो; दात दुखला की वसूल होतो. रोजगारविमा इतका किरकोळ, की आपल्या नोकरीची काळजी कुणालाच फारशी नाही असं वाटून थोडा अपमान होतो. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर बसतो. त्यामुळे नवा आलेला मास्तर सुरुवातीला स्वतःला श्रीमंत समजतो, सगळ्यांना कॉफी पाजतो आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये एकदम गप्प होतो. हे सगळं चालायचंच. पण या सगळ्यांना पुरून उरते ती कोसेई नेन्किन, म्हणजे नोकरदारांची पेन्शन.

दर 18.3 टक्के. अर्धा शाळा भरते, अर्धा आपण. म्हणजे आपल्या वाट्याला 9.15 टक्के. आता हे टक्के कशाचे? पगाराचे, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. जपानी पेन्शनखातं मात्र तुमचा पगार जसा आहे तसा मान्य करत नाही. त्यांनी 32 पायऱ्या बांधून ठेवल्यात. तुम्ही ज्या पायरीवर बसाल तिचा आकडा हाच तुमचा पगार. महिना अडीच लाखांपासून 2 लाख 70 हजार येनांच्या आतले सगळे जण कागदोपत्री 2 लाख 60 हजारवाले, आणि सगळ्यांचे 23,790 येन कापायचे. सर्वांना समान न्याय.

इथवर मी मान डोलावली. मग ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की या पगारात रेल्वेचा पासही धरतात.

पास! शाळा पासाचे पैसे देते. प्राप्तिकरवाले साधारणपणे त्याकडे बघतही नाहीत. पेन्शनवाले मात्र ती कमाईच समजतात. समजा, पगार 2 लाख 55 हजार आणि पास महिना 16 हजारांचा. झाले 2 लाख 71 हजार, म्हणजे बाई चढल्या वरच्या पायरीवर. ती 2 लाख 80 हजारांची, कपात 25,620. आता हिशेब बघा. जवळचं घर परवडत नाही म्हणून मी लांब राहणार, सकाळच्या गाडीत कुणाच्या तरी पाठीला नाक टेकून उभी राहणार, पासाचे पैसे रेल्वे कंपनी घेणार, आणि या वैभवाबद्दल दरमहा 1,830 येन जास्त कापले जाणार.

"पण त्यामुळे तुमची पेन्शनही वाढेल," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता, म्हणून मी आभार मानले.

पायरी ठरते तीही कधी, तर एप्रिल, मे आणि जूनच्या कमाईची सरासरी काढून. ती सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत चिकटते. म्हणून इथले नोकरदार एकमेकांना दबक्या आवाजात सल्ला देतात, त्या तीन महिन्यांत ओव्हरटाइम करू नका. शाळा जपानात एप्रिलमध्ये सुरू होतात! शिक्षकाला एप्रिलमध्ये जादा काम टाळ म्हणणं म्हणजे पंढरपूरच्या पेढेवाल्याला आषाढीत दुकान बंद ठेव म्हणण्यासारखं आहे.

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या पेन्शनवाले. मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत तेही मोर्चात चालून आले होते. स्वतःची पेन्शन पहिल्या तारखेला जमा होत असताना! पेन्शन या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही.

"कापतायत ना? मग कापू दे. कापलेलंच मिळतं."

"बाबा, इथे किमान दहा वर्षं भरावी लागतात."

"मग भर."

"दहा वर्षं इथे राहीन की नाही, काय माहीत!"

"पूर्वी किती लागायची?"

"पंचवीस. ऑगस्ट 2017 पासून दहा केली."

"बघ, तुझ्यासाठी त्यांनी पंधरा वर्षं कमी केली आणि तू अजून विचार करतेस. बरं, हयातीचा दाखला कुठे द्यायचा?"

मी हसले. मग शोधलं तर काय, परदेशी राहणाऱ्या पेन्शनरला खरंच दरवर्षी आपण जिवंत असल्याचा कागद जपानला धाडावा लागतो, तोही जन्ममहिन्यात. बाबांना हे कळवल्यावर त्यांचा जपानबद्दलचा आदर दुप्पट झाला.

जन्ममहिना या खात्याचा विशेष लाडका आहे. दरवर्षी त्या महिन्यात घरी एक कार्ड येतं. शुभेच्छा वगैरे काही नाहीत. आजवर किती भरलं आणि त्यावर पासष्टाव्या वर्षी साधारण किती मिळेल, एवढंच. वयाच्या 35 व्या आणि 45 व्या वर्षी तर कार्डाऐवजी जाडजूड पाकीट येतं. इतर कुणाला लक्षात असो नसो, आपण पस्तिशीचे झालो हे जपान सरकार विसरत नाही.

मिळणार किती, ते सांगते. पेन्शनचा पायाभूत भाग चाळीस वर्षं भरणाऱ्याला पूर्ण मिळतो. 2024 साली तो महिना 68,000 येन होता. दहा वर्षंवाल्याला त्याचा चौथा हिस्सा, 17,000. वर पगाराच्या प्रमाणात थोडी भर. तोक्योत त्यात म्हातारपण काढायचं तर दहाएक दिवसांचंच काढावं लागेल.

मग जाणाऱ्यांसाठी दुसरा रस्ता आहे. त्याचं नाव दात्ताई इचिजिकिन. निदान सहा महिने भरलं असेल आणि दहा वर्षं पुरी झाली नसतील, तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करा आणि एकरकमी पैसे घ्या. त्यातही पायऱ्या आहेतच, सहा-सहा महिन्यांच्या. 35 महिने भरलेत? तुमचे 30 धरले. आणि 60 च्या पुढचे महिने मोजतच नाहीत. एप्रिल 2021 पूर्वी तर 36 च्या पुढचे मोजत नसत. शाळेने भरलेला अर्धा वाटा विसरायचा. आमचे विज्ञानाचे सर राजीनाम्याची तारीख ठरवताना कॅलेंडर घेऊन बसले होते. मुहूर्त काढतायत असं वाटून मी शुभेच्छा दिल्या, तर म्हणाले, "सहाने भाग जातो का बघतोय."

हातात पडण्याआधी या रकमेतून 20.42 टक्के कर कापतात. वीस मी समजू शकते. ते 0.42 मला झोपू देईना. शोध लागला तेव्हा मात्र तक्रार विरली. 2011 च्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीसाठी प्राप्तिकरावर 2.1 टक्के अधिभार आहे, आणि विसाचे 2.1 टक्के म्हणजे 0.42. हे मी सातवीच्या वर्गाला टक्केवारी शिकवताना वापरते. मुलांना फार आवडतं. त्यांचं अजून काही कापत नाहीत ना!

तिसरा रस्ता बाबांना सर्वात पसंत पडला. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. भारतातल्या कॉलेजात माझा पीएफ कापला जायचा, त्यातल्या पेन्शनची वर्षं इथल्या वर्षांत मिळवून दहा भरवता येतात. मिळवायची फक्त वर्षं. पैसे ज्याने त्याने आपापल्या वर्षांचे द्यायचे. मात्र एकदा का दात्ताई घेतलं की इथली वर्षं पुसली जातात, जणू तुम्ही या देशात खडू हातात धरलाच नाही. म्हणजे आत्ता रोख घ्यायचं की पासष्टाव्या वर्षापर्यंत दम धरायचा, हे ठरवायचं कुणी? जिचं पुढच्या मार्चचं कॉन्ट्रॅक्ट अजून व्हायचंय तिने.

विज्ञानाच्या सरांनी रोख घ्यायचं ठरवलं. कापलेला कर बऱ्याचदा परत मिळवता येतो, पण त्यासाठी जपानात राहणारा एक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. तो इथल्या कर कार्यालयात अर्ज करतो आणि परतावा त्याच्या खात्यात येतो. पगारपत्रकातलं इतकं कळणारी बाई स्टाफरूममध्ये एकच. सरांनी माझं नाव घातलं. त्यांचं ऐकून संगीताच्या मॅडमनी घातलं. मग ज्यांच्याशी माझं कधी बोलणंही नव्हतं असे क्रीडाशिक्षक निरोप समारंभात केकची बशी घेऊन माझ्याकडे आले, तेव्हाच मी ओळखलं.

आता मी गेले तर यांचे अर्ज कोण भरणार? ऑफिसातल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, परतावा मिळेपर्यंत तुम्ही इथेच असलेलं बरं. बाबांना कळवलं. ते म्हणाले, "छान. तेवढ्यात तुझी दहा भरतील."