‘दोन रविवारांत डिकल्स गेली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि सोबतचे फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लो इंजिनच्या (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनच्या) मॉडेल विमानावर लावलेल्या आमच्या छापील डिकल्सचा (चिकटवायच्या चिन्हांचा आणि अक्षरांचा) रंग दोन रविवारांच्या उड्डाणांत विरघळून पसरला, पंखाजवळच्या अक्षरांच्या कडा उचलल्या, वरून क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) स्प्रे मारूनही काही उपयोग झाला नाही. हाच सेट मित्राच्या पेट्रोल इंजिनच्या विमानावर वर्षभर टिकला, म्हणजे तुमच्या वाट्याला हलका माल आला. म्हणून एक तारा.

इतक्या निगुतीनं बांधलेलं विमान असं डागाळलेलं बघून कुणाचाही जीव तुटेल. फ्युजलाजवरचं (विमानाच्या धडावरचं) तुमचं कव्हरिंग, म्हणजे वरचं आवरण, इतकं ताणून बसलंय की फोटोत एक सुरकुती सापडत नाही. पण माल हलका होता हे मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण ग्लो इंजिन उडवणाऱ्या बहुतेकांना याच अडचणीतून जावं लागतं.

तुमच्याच फोटोंपासून सुरुवात करू. डाव्या बाजूचं चिन्ह आणि उजव्या बाजूचं चिन्ह एकाच शीटवरचं आहे, एकाच वेळी छापलेलं. डावीकडचं जसंच्या तसं आहे. उजवीकडच्या चिन्हाचा लाल रंग मागे ओघळलाय, आणि तो ओघळ मफलरच्या (इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेतच आहे. उभ्या बसवलेल्या इंजिनाचा मफलर बहुधा विमानाच्या उजव्या अंगाला येतो आणि धुरासोबतचं सगळं तेल त्याच बाजूला बसतं. शाईत किंवा व्हिनाइलमध्ये (डिकलच्या प्लास्टिक शीटमध्ये) खोट असती, तर दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असत्या.

आता इंधनाबद्दल. ग्लो इंधनात मुख्य भाग मिथेनॉलचा असतो, त्यात साधारण १५ ते २० टक्के तेल (एरंडेल, सिंथेटिक किंवा दोन्हींचं मिश्रण) आणि वर नायट्रोमिथेन. खेळाच्या विमानांसाठी नायट्रो बहुधा ५ ते १५ टक्के असतं. तेल इंजिनात फारसं जळत नाही, ते जवळजवळ सगळं मफलरमधून बाहेर येतं आणि सोबत न जळलेलं थोडं इंधनही आणतं. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन दोन्ही द्रावक आहेत, आणि नायट्रोचं प्रमाण वाढलं की रंगाची कसोटी आणखी कडक होते. छापील डिकल्सची शाई ऊन-पाऊस सोसते, मिथेनॉल सोसत नाही. म्हणूनच सेटसोबतच्या पत्रकात ‘ग्लो इंजिनसाठी वरून टू-पार्ट क्लिअर आवश्यक’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा दोन भागांचा क्लिअर.

तुमच्या मित्राच्या विमानाचं कोडंही इथेच सुटतं. पेट्रोल इंजिनात मिथेनॉलही नाही, नायट्रोही नाही, आणि तेल ३२ ते ५० भाग पेट्रोलला एक भाग एवढंच. मफलरमधून येणारा तेलकट राप कमी आणि शाईच्या दृष्टीनं खूपच सौम्य असतो. सेट तोच, पण परीक्षा वेगळी.

तुम्ही क्लिअर मारलात हे खरं. पण तो साध्या स्प्रे कॅनमधला, एकाच भागाचा अॅक्रिलिक लॅकर होता. असा लॅकर नुसता वाळतो, म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं आणि थर मागे राहतो. पुन्हा द्रावक भेटलं की तो थर पुन्हा मऊ होतो, पाकाची वाळलेली साखर पाणी लागताच विरघळते तसा. तुमच्या तिसऱ्या फोटोत अक्षरांवर बोटाचा ठसा उमटलाय आणि लाल रंगाची लकेर थेट कव्हरिंगवर गेलीय. लॅकर मऊ पडला, खालची शाई त्यात मिसळली आणि फडक्यानं पुसताना दोन्ही मिळून ओढली गेली. या प्रकारात तर संरक्षण नसण्यापेक्षा वाईट होतं, कारण लॅकरनं शाईला पसरायला वाट करून दिली.

टू-पार्ट पॉलियुरेथेनची गोष्ट निराळी. हार्डनर मिसळल्यावर रासायनिक जोडणी होऊन तो पक्का होतो आणि मग इंधनानं परत विरघळत नाही. मात्र हाताला कोरडा लागणं आणि पूर्ण पक्का होणं यात दिवसांचं अंतर असतं. आठवडाभर विमान बाजूला ठेवा, घाई करू नका. पहिला हात अगदी धुक्यासारखा पातळ मारा, कारण ओला जाड थर दिला तर त्यातलंच थिनर शाईला चावतं. कव्हरिंग फिल्म पॉलिएस्टरची असली तर तिला कुठलाही क्लिअर सहज धरत नाही. डिकलच्या भोवती दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच खरवडून घ्या आणि क्लिअर तेवढ्या पट्टीवर उतरू द्या. आणि कळकळीची विनंती: या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक आहे, साध्या कापडी मास्कनं अडत नाही. स्प्रे करायचा असेल तर उत्पादकानं सांगितलेला रेस्पिरेटर आणि मोकळी हवा हवीच. ही सोय नसेल तर ब्रशनं लावा किंवा खाली सांगितलेल्या कापीव अक्षरांचा मार्ग धरा. डिकलपायी तब्येत पणाला लावू नये.

कोणताही क्लिअर असो, आधी कव्हरिंगच्या टाकाऊ तुकड्यावर डिकलचा कोपरा चिकटवून क्लिअर लावा. पूर्ण पक्का झाला की तुम्ही वापरता त्याच इंधनाचा थेंब त्यावर टाका, काही मिनिटांनी पांढऱ्या कापडानं पुसा. चिकट लागलं किंवा कापडाला रंग आला तर तो क्लिअर तुमच्या नायट्रोला पुरणार नाही. डब्यावर ‘फ्युएल-प्रूफ’ छापलेलं असलं तरी ही चाचणी कराच. पेट्रोलला टिकणारे काही क्लिअर ग्लो इंधनापुढे हात टेकतात.

कडा उचलल्या त्याबद्दल. तुमची अक्षरं चौकोनी कोपऱ्यांची कापली आहेत आणि पुढची कड थेट वाऱ्याला तोंड देते. तेल नेमकं अशाच कोपऱ्यातून आत शिरतं. एकदा का गोंदात तेल गेलं की ते अक्षर परत दाबून बसत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. कोपरे गोलसर कापा. लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. साबणाच्या पाण्यावर सरकवून लावत असाल तर स्क्वीजीनं (पाणी निपटायच्या पट्टीनं) मधून बाहेर पाणी पूर्ण काढा आणि रात्रभर वाळू द्या, मगच कडांवर क्लिअर लावा. ओल अडकली तर कड आतूनच सुटते.

आणखी एक गोष्ट, जी फोटोत मला सर्वांत जास्त खटकली. टाकीच्या ओव्हरफ्लो नळीचं तोंड पंखाच्या पुढच्या कडेपाशी, अक्षरांच्या अगदी वर सुटलंय. टाकी भरताना तिथून कच्चं इंधन सांडतं आणि ते मफलरच्या रापापेक्षा कितीतरी तीव्र. भरताना ती नळी लांब करून रिकाम्या बाटलीत सोडा. मफलरला सिलिकॉनचा डिफ्लेक्टर लावलात तर धूर खाली आणि बाहेर वळेल, उजव्या अंगाचा निम्मा त्रास तिथेच संपेल. उडवून झालं की मैदानावरच पुसून घ्या, रात्रभर तेल तसंच ठेवू नका. एरंडेल सुकलं की चिवट थर धरतं. पुसायला सौम्य साबणाचं पाणी पुरे. थिनर, अॅसिटोन अजिबात नको. फडकं पुढून मागे फिरवा, उलट फिरवलं तर मागची कड फडक्यात अडकते.

‘आणखी एक महागडी वस्तू विकत घ्यायला लावता’ असंही तुम्ही लिहिलंय. मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच ज्यांना टू-पार्टच्या भानगडीत पडायचं नाही त्यांना मी कापीव कास्ट व्हिनाइलची अक्षरं सुचवतो. त्यात रंग व्हिनाइलच्या अंगातच असतो, वर शाई नसते, त्यामुळे विरघळून ओघळायला काही उरत नाही. कास्ट व्हिनाइल पातळ असतं, वळणावर बसतं आणि स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइलसारखं आकसत नाही. तिथे फक्त कडांची काळजी घ्यावी लागते. बारीक नक्षी आणि रंगछटा मात्र कापीव अक्षरांत येत नाहीत, त्यासाठी छापीलच लागतं.

तुमच्या विमानाचं आता काय करायचं? उजव्या बाजूची खराब अक्षरं हेअर ड्रायरनं कोमट करून, सपाट कोनात हळू ओढून काढा. उष्णता जास्त झाली तर खालची फिल्म सैल पडेल, तेव्हा जपून. डावीकडचं चिन्ह अजून निरोगी आहे. पण वरचा लॅकर काढायला जाऊ नका, शाईही येईल. ते तसंच राहू द्या आणि त्या बाजूला इंधन सांडणार नाही एवढं बघा.

उजव्या बाजूसाठी तीच चिन्हं आणि अक्षरं आम्ही नव्यानं पाठवतो, शुल्क नाही. अक्षरं कास्ट व्हिनाइलची गोल कोपऱ्यांनी कापून देतो, चिन्ह छापील, आणि सोबत चाचणीसाठी त्याच शीटचे दोन जादा तुकडे. ऑर्डर क्रमांकासोबत इंधनातलं नायट्रो किती टक्के आहे आणि कव्हरिंग फिल्म आहे की रंगवलेलं फायबर, एवढं कळवा, म्हणजे क्लिअर कोणता घ्यायचा तेही सांगता येईल.