दोन हजारात चंडीगढ चेअर? कुठे मिळते सांगा, मी पण येतो

एक फॉरवर्ड फिरतोय, मला तिघांनी पाठवला. म्हणे परदेशात लाखोंना जाणारी चंडीगढची खुर्ची मुंबईत जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर मार्केटमध्ये दोन हजारात मिळते, आणि जुनं सागवान असल्यामुळे वर काही खर्चच नाही.

आधी ती खुर्ची. पिएर जानरे हा स्विस आर्किटेक्ट १९५१ मध्ये चंडीगढला आला तो १९६५ पर्यंत तिथेच होता, त्याने आणि त्याच्या टीमने तिथली ऑफिसं, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी यांच्यासाठी हे साग आणि वेताचं फर्निचर केलं. पुढे जुनं झालं म्हणून भंगारात लिलाव, ते परदेशी डीलरांनी उचललं, आणि २०११ मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आता मला सांगा, ओशिवऱ्याच्या दुकानदाराकडे मोबाईल नाहीये का? त्याला भाव माहीत नसतील?

"मागे सरकारी ऑफिसचा नंबर रंगवलेला असतो, ओरिजिनलच" हे पण ऐकलं. अहो स्टेन्सिल आणि डबाभर रंग, पाच मिनिटांचं काम आहे. नंबर सोडा, खुर्ची उलटी करा. वेत भोकांमधून हाताने विणलीये की तयार जाळी खाचेत दाबून बसवलीये ते बघा, स्क्रूचं डोकं चौफुलीचं आणि चकचकीत असेल तर उठा. हात टेकून टेकून हत्ता जिथे झिजतो तिथेच झीज हवी, सगळीकडे सारखी असेल तर ती पॉलिश पेपरने काढलेली. आणि हल्ली तिथे तिरके पाय दिसले की मिड सेंच्युरी, म्हणजे १९५०-६० च्या स्टाईलचं म्हणतात, त्याच्या आधीच्या स्टाईलचं गोल कोपऱ्याचं आर्ट डेकोचं कपाटसुद्धा त्यातच ढकलतात!

आता "खर्च नाही" बद्दल. मी गेल्या वर्षी तिथूनच एक साधी सागाची हत्त्याची खुर्ची घेतली, कुणा डिझायनरची वगैरे नाही. सांगितले ४५००, घासाघीस करून ३२०० ला दिली. वेत नवीन विणून घेतली १८००, जुनं पॉलिश खरवडून लाखेचं मारलं २०००, टेम्पो ९००. झाले ७९००. शिवाय सागाला कीड लागत नाही म्हणतात, पण माझ्या खुर्चीची मागची पट्टी कधीतरी दुसऱ्याच लाकडाची बसवलेली निघाली, महिनाभर खाली पिवळी भुकटी पडायची, ती पट्टी बदलली त्याचे वेगळेच.

तरी घ्याच, मला आवडते ती, आत्ता तिच्यातच बसून टाईप करतोय. फक्त आठेक हजार धरून जा.