एफ

रोज संध्याकाळी साडेसातला आमच्या हॉलमध्ये चिरंजीव मरतात. "मेलो, मेलो, नॉक झालो! उचल ना रे, रिव्हाइव्ह दे!" असा टाहो फुटतो, आणि कानाला हेडफोन असल्यामुळे तो चार घरांपर्यंत जातो. पहिल्या दिवशी मी गॅसवरचं दूध तसंच टाकून धावलो होतो. आई देवापाशी दिवा लावत होती. तिने तिथूनच बजावलं, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." चिरंजीव म्हणाले, "आजी, एक मिनिट, झोन येतोय." झोन म्हणजे मोबाइलवरच्या गेममधलं आवळत येणारं घातक रिंगण, पण आईला वाटलं कुणी पाहुणे येताहेत. तिने चहाचं आधण वाढवलं.

हे घरातल्या घरात होतं तोवर निभावलं. खरी पंचाईत झाली ती घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लांबच्या नात्यातले अण्णा गेले. वय एक्क्याण्णव, सगळं पाहून गेले. सकाळपासून 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात यांची रांग लागली होती. त्या रांगेत मधोमध चिरंजीवांचं एकच अक्षर. एफ.

पाच मिनिटांत काकांचा फोन. काका निवृत्त मुख्याध्यापक. "काय रे, तुझ्या पोराने अण्णांना नापास केलं का?"

मी वेळ मारून नेली. "नाही हो काका, एफ म्हणजे फुलं. वाहिली त्याने." काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "संस्कार आहेत हो पोरावर." मग मी संस्कारांना बोलावून घेतलं.

खुलासा असा. २०१४ साली कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर नावाचा गेम आला. त्यात एका सैनिकाचा अंत्यविधी आहे. आपण त्याचे मित्र, शवपेटीपुढे उभे, आणि पडद्यावर सूचना येते की आदरांजलीसाठी एफ दाबा. कळफलकावरचं एफ, म्हणजे एरवी दार उघडायला किंवा बंदूक उचलायला दाबावं तसलं बटण. दुःखाचंही बटण केलेलं पाहून लोक पोट धरून हसले, आणि चेष्टेचेष्टेत जिथे तिथे एफ टाकू लागले. कुणाचा फोन पडला, एफ. क्रिकेटची मॅच गेली, एफ. आता त्यातली चेष्टा कुठे संपते आणि हळहळ कुठे सुरू होते ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. "अण्णांसाठी मी मनापासून टाकला होता," चिरंजीव म्हणाले. मला ते खरं वाटलं. आदल्याच्या मेसेजवरून उचलून डकवलेल्या आमच्या 'भावपूर्ण'मध्ये तरी भाव किती असतो?

तेव्हापासून मला या शब्दांची कुळं शोधायचा नाद लागला. पोराशी बोलायला तेवढंच निमित्त.

एकदा आईने आमटीत मिरची बेताची घातली, तर हे म्हणाले, "आजीने आमटी नर्फ केली." नर्फ हा १९६९ साली अमेरिकेत निघालेला फोमचा चेंडू, घरात खेळला तरी काच फुटू नये म्हणून. पुढे त्याच नावाची फोमची हत्यारंही आली. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या गेममध्ये तलवारींचा जोर उतरवला, तेव्हा खेळणारे चिडून म्हणाले की आमच्या हातात नर्फच्या तलवारी दिल्यात. तिथून जे काही मिळमिळीत केलं जाईल ते नर्फ. 'पोन्ड'ची गोष्ट तर ऐकायलाच नको. कळफलकावर ओ आणि पी शेजारी, 'ओन्ड' (म्हणजे समोरच्याला पार लोळवलं) लिहिताना बोट घसरलं आणि चुकीचाच शब्द रूढ झाला. आमच्या हापिसात असं घसरलं की मेमो येतो.

जीजीने मात्र माझी शोभा केली. रविवारी कॅरममध्ये चिरंजीवांची राणी अडली, माझा डाव लागला, आणि मी खुशीत आधीच "जीजी!" ओरडलो. वर शाहिरी चढली म्हणून "जी रं जी जी" हेही जोडलं. त्याचा चेहरा पडला. जीजी म्हणजे गुड गेम. कोरियात स्टारक्राफ्ट खेळणाऱ्यांमध्ये ते हरणाऱ्याने टाइप करायचं आणि निघून जायचं, अशी रीत पडली. हार मानल्याची सही ती. जिंकणाऱ्याने आधी म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पन्नाशी उलटल्यावर मला माझ्याच घरात शिष्टाचार शिकवले गेले.

"आणि तू नूब आहेस," हे वर. न्यूबीचं नूब, म्हणजे नवखा. मी म्हटलं, यात नवीन काय? आमच्या वाड्यात त्याला कच्चं लिंबू म्हणत. एएफके म्हणजे कीबोर्डपासून दूर, जेवायला बोलावलं की हा तेच सांगून उठतो, हातात फोन असला आणि कीबोर्ड कुठेच नसला तरी. (तबकडी जाऊन जमाना झाला, तरी आपण फोन 'फिरवतो'च की.) आम्ही मूठ तोंडापाशी नेऊन 'टाईमप्लीज' म्हणायचो. मी फुशारलो. "आमच्या विटीदांडूत तर मोजायलाही वेगळे शब्द होते. वकट, लेंड, मूंड, नाल!"

"म्हणजे काय?"

म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. त्याने फोनवर अंगठा चालवला. "बाबा, तेलुगू आहे. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार." मी आयुष्यभर दांड्याने अंतर मोजताना तेलुगू बोलत होतो आणि ते मला हैदराबादच्या दोन बदल्यांमध्येही कळलं नव्हतं. तो फक्त "ईझी" म्हणाला.

एवढं होऊन प्रकरण मिटलं असतं. पण काकांनी 'एफ म्हणजे फुलं' हे आत्याला सांगितलं. आत्याने भिशीत सांगितलं. परवा काकांची पंच्याहत्तरी होती. पहाटे सहाला ग्रुपवर पहिला मेसेज आत्याचा: 'दादाला वाढदिवसाच्या अनंत शुभेच्छा.' आणि त्याखाली एफ. मोजून एकवीस.

चिरंजीवांनी न बोलता फोन माझ्यापुढे धरला. खाली काकांचं 'टायपिंग' दिसत होतं.

मी मूठ तोंडापाशी नेली. "टाईमप्लीज."