झिरो म्हणजे नेमकं किती?

बेळगावात वडगावच्या मंगाईच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, गेटवर एका मोल्डरनं (साचे करणाऱ्या कामगारानं) दारू तपासायच्या यंत्रात फुंक मारली आणि आकडा आला 22. माणूस पन्नाशीचा, सगळे मामा म्हणतात. अंगावर धुतलेला शर्ट, कपाळाला कुंकू, हातात डबा. "रात्री दोनच मारलो की साहेब, पाव्हणे आलते घरात. आता कुठं काय हाय?" चाल सरळ, बोलणं सरळ. पण नव्या पॉलिसीत मर्यादा शून्य. तीन दिवस सस्पेंड. कागदावर सही घेतली, गाडीची किल्ली हातात दिली, घरी जा म्हटलं.

ज्याला आम्ही साच्यात वाळू भरायच्याही लायकीचा ठरवला नाही, तो उद्यमबागेतून तिसऱ्या रेल्वे गेटाच्या गर्दीतून स्वतःची मोटारसायकल मारत वडगावला गेला. आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. मामा 22. पोलिसांनी अडवलं असतं तरी सोडून दिलं असतं.

यंत्र धरून उभा असलेला माणूस मीच होतो, म्हणून लिहितोय.

आधी एक स्पष्ट सांगतो, कॉमेंटमध्ये भांडायला येऊ नका. भट्टीजवळ, क्रेनवर, फोर्कलिफ्टवर शून्यच पाहिजे. 1400 अंशाचं वितळलेलं लोखंड लॅडलमधून, म्हणजे मोठ्या पळीसारख्या भांड्यातून, ओततात, तिथं अर्धा सेकंद उशीर म्हणजे पाय गेला. लॅडल ओली राहिली तर स्फोट होतो, आणि ती नीट वाळलीय का हे शेवटी माणसाच्याच डोळ्यानं बघायचं असतं. सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या पायलटला शून्य चालतं, आदले 12 तास प्यायची नाही हा नियम चालतो, तर भट्टीवाल्याला का नको?

पण पायलटला ते 12 तास आधी सांगितलेले असतात. आमच्या पॉलिसीत तासांचा उल्लेखच नाही. नोटीस इंग्रजी आणि कन्नडमध्ये, वाचणारे निम्मे मराठी शाळेत सातवी शिकलेले. सही मात्र सगळ्यांची आहे.

हिशेब काही अवघड नाही. साठ मिलिलिटरचा एक लार्ज पेग सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात साधारण 40 मिलिग्रॅमपर्यंत चढवतो, आणि शरीर तासाला पंधराच्या आसपास उतरवतं. म्हणजे एक लार्ज उतरायला अडीच-तीन तास. आंघोळ, लिंबूपाणी, काळा चहा, कशानंही हा वेग वाढत नाही. नऊला सुरू करून चार मारले तर सकाळी आठपर्यंत काही ना काही शिल्लक राहतंच. (मामा, दोन नव्हते. यंत्राला कळतंय.) पण हे गणित पॉलिसी लावायच्या आधी कोणी कामगारांना सांगितलं का? चोर्ल्याचा घाट उतरलं की गोव्याची स्वस्त दारू, तिथनं येणाऱ्या बाटल्यांवर अर्धा भाग जगतोय, आणि आपण समजतोय की झोप झाली म्हणजे उतरली.

दुसरी गोष्ट यंत्राची. ते रक्त मोजत नाही, श्वास मोजून रक्ताचा अंदाज करतं. नुकताच द्राक्षासवाचा डोस घेतला असेल, माऊथवॉशनं चूळ भरली असेल तर तोंडातलाच अल्कोहोल आकडा दाखवतो. म्हणून चूळ भरून पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी फुंक घ्यायची असते आणि दोन्ही आकडे लिहायचे असतात. आम्ही एकच घेतो. लाईन लागते म्हणून.

आणि त्या रजिस्टरमधला आकडा गेटवर संपत नाही. कामावर अपघात झाला आणि तो थेट नशेमुळे झाला असं ठरलं, तर मालकाला भरपाई नाकारता येते, हे 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच ही सबब चालत नाही. बोट गेलं तर चालते. नशा म्हणजे किती मिलिग्रॅम हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही. मग उद्या बोट गेलेल्या माणसासमोर कंपनी कुठला आकडा ठेवणार? आज आपण सही केलेला.

ड्रग टेस्टचं तर विचारूच नका. परदेशी गिऱ्हाइकाच्या पॉलिसीतून तो परिच्छेद जसाच्या तसा आलाय. गांजाचा अंश रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेसुद्धा सापडतो. आज तो नशेत आहे का, हे त्यातून कळत नाही. अफूवर्गाची तर आणखी मजा. अमेरिकेत सरकारी तपासणीची मर्यादा 1998 मध्ये 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली, कारण अफूच्याच झाडाची खसखस खाल्लेली माणसं पकडली जात होती. लघवी तपासायच्या स्वस्त पट्ट्या अजून बऱ्याचदा 300 च्याच असतात. आपल्याकडं सणाला गसगसे पायसा (खसखशीची खीर) वाटीनं नाही, तांब्यानं पितात! कोडीनचं खोकल्याचं औषध वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच की कामाप्रमाणे मर्यादा ठरवा. भट्टीला शून्य, पण आदल्या दिवशी सांगून. पॅकिंगला, स्टोअरला रस्त्याचा कायदाच लावा की. पहिल्यांदा आकडा आला तर त्या दिवसाचा पगार कापा आणि कंपनीच्या गाडीतनं घरी सोडा. चौकशी तिसऱ्यांदा करा. आणि ऑफिसचं गेट वेगळं आहे म्हणून तिथं फुंक नाही, हे बंद करा. मी स्वतः महिनाभरात एकदाही फुंकलेलो नाही. मला कोणी सांगितलंच नाही.

हे सगळं मी मीटिंगमध्ये बोललो. बघू म्हणाले. सध्या यंत्र कॅलिब्रेशनला गेलंय, यायला पंधरा दिवस लागतील. तोवर गेटवर वॉचमन तोंडाचा वास घेऊन आत सोडतोय. मामा आलेत कामावर. वॉचमन त्यांचा साडू आहे.