‘गाइड’मधला पाऊस कादंबरीत कुठे आहे?

इफ्फीचे, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, दिवस जवळ आले, की पणजी-मडगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जुन्या सिनेमांची ‘माहिती’ फिरू लागते. देव आनंदच्या ‘गाइड’बद्दलचा नेहमीचा मजकूर असा: ‘आर. के. नारायण यांची कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर आली. शेवटचा पाऊस त्यांचाच. हिंदी ‘गाइड’ म्हणजे इंग्रजीचं डबिंग. ऑस्करचं नामांकन मिळालं. देवदासीचा मसाला तेवढा बॉलिवूडने घातला.’ पाच विधानं, पाचही चुकीची.

आधी पाऊस. १९५८च्या कादंबरीत गावाने साधू मानलेल्या, उपासाने खंगलेल्या राजू गाइडला दोघं धरून नदीच्या पाण्यात उभं करतात. डोंगरात पाऊस पडतोय, पायांखालून जाणवतोय, असं तो वेलन या गावकऱ्याला सांगतो आणि खाली खचतो. पुस्तक तिथेच संपतं. थेंब पडला का, राजू गेला का, लेखक सांगत नाही. मुळात तो उपासही घोळातून आलेला. ‘मारामारी थांबेपर्यंत जेवणार नाही’ हा राजूचा निरोप वेलनचा अर्धवट भाऊ ‘पाऊस पडेपर्यंत’ असा करून टाकतो, आणि राजूचा जीव अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातल्या उरल्यासुरल्या अन्नात अडकलेला असतो! सिनेमात मात्र पाऊस धो धो कोसळतो, राजू मरतो, त्याची प्रेयसी रोझी आणि आई येऊन पोचतात. कादंबरीच्या शेवटी या दोघी नाहीतच.

‘जशीच्या तशी’ म्हणाल, तर रोझीचा नवरा मार्को पाहा. पुस्तकातला मार्को बाहेरख्याली नाही. गुहाचित्रांत बुडालेला, थंड रक्ताचा माणूस. रोझीचं प्रकरण कळल्यावर तो तिच्याशी बोलणं टाकतो आणि तिला मागे सोडून गाडीने निघून जातो. सिनेमाने त्याला दुसऱ्या बाईबरोबर दाखवलं. लग्न झालेली नायिका घर सोडते, हे प्रेक्षकाच्या गळी उतरवायची ती सोय, आणि आमच्या मते सिनेमातली सर्वांत कच्ची जागा. दक्षिणेतलं मालगुडी उचलून उदयपूरला नेलं ते वेगळंच. नारायण यांनी ‘मिसगाइडेड गाइड’ या लेखात या सगळ्याचा खरपूस समाचार घेतला. गंमत म्हणजे कथेचं फिल्मफेअर मिळालं ते त्यांनाच.

डबिंगचं थोडक्यात. इंग्रजी चित्रपट टॅड डॅनिएलेव्स्कीचा, लेखनात अमेरिकन कादंबरीकार पर्ल बक. हिंदी विजय आनंदचा, पटकथा-संवाद नव्याने लिहिलेले. इंग्रजी दोन तासांचा, हिंदी तीन तासांचा. डबिंगने तासभर वाढत नाही.

ऑस्करला ‘गाइड’ भारताची प्रवेशिका म्हणून गेला. अंतिम पाचांत आला नाही. प्रवेशिका म्हणजे नामांकन नव्हे.

राहिला ‘मसाला’. कादंबरीतली रोझी स्वतःच राजूला सांगते, की आपलं कुळ देवळाला वाहिलेल्या नर्तकींचं. ती एम. ए. झालेली. सुशिक्षित मुलगी हवी, जातीची अट नाही, अशी मार्कोची जाहिरात, त्यातून लग्न जमलेलं. शिक्षण आणि प्रतिष्ठित नवरा हा त्या कुळातून बाहेर पडायचा रस्ता. मंगेशी-कवळ्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या गोवेकराला हे उलगडून सांगावं लागू नये. पडद्यावर रोझी गाते तो आवाजही लताबाईंचा. त्यांच्या वडिलांचा, दीनानाथांचा जन्म मंगेशीचा, आणि दीनानाथांची आई येसूबाई तिथल्याच देवळाची कलावंत.